आत्या आणि 64 कोडॉन

घरातल्या प्रत्येक कार्यात कोणीतरी मला ‘तू नक्की करतोस तरी काय?’ असे विचारते आणि कृत्रिम जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जीवाणूंच्या जनुकीय संकेतावर काम करतो, एवढे सांगून माझी सुटका होत नाही. मी सांडपाणी तपासतो, असा मामांचा ठाम समज आहे आणि ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचे नाव माझ्या तोंडून गेल्यापासून तो दूर होण्याची आशा मी सोडली आहे.

परवा मुंजीच्या पंगतीत मात्र मी सगळे मुळापासून सांगायचे ठरवले. पेशी जनुकातली अक्षरे तीन-तीनच्या गटांनी वाचते. असे गट, म्हणजेच कोडॉन, 64 असून त्यांतले 3 ‘थांबा’ म्हणतात आणि उरलेले 61 मिळून अवघी 20 अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांच्या माळेतले मणी, सांगतात; त्यांतल्या सेरीन या एका आम्लासाठीच सहा कोडॉन आहेत. हा संकेत उलगडण्यासाठी हरगोविंद खुराना यांना 1968 मध्ये नोबेल विभागून मिळाले, असे सांगताच मामांनी प्रथमच आदराने मान हलवली. तो आदर अर्थातच खुरानांसाठी होता.

“एकट्या सेरीनला सहा कोडॉन? मग दोन काढून टाका की,” आत्या म्हणाली. तिने भाताचे आळे करता करता जे सुचवले, त्यासाठी केंब्रिजमधील जेसन चिन यांच्या गटाला ई. कोलायचा सुमारे 40 लाख अक्षरांचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, नव्याने बांधावा लागला होता. त्यांनी सेरीनचे दोन आणि थांबण्याचा एक, असे तीन कोडॉन 18,214 ठिकाणी त्याच अर्थाच्या दुसऱ्या कोडॉनांनी बदलले आणि 2019 मध्ये तो जीवाणू जगासमोर आणला. तो जगला, पण मूळ जीवाणूपेक्षा सावकाश वाढू लागला. “एवढं करून वर आळशी?” मामा म्हणाले. पुढे 2021 मध्ये ते तीन कोडॉन वाचणारी यंत्रणाच त्यातून काढून टाकली गेली. जीवाणूत शिरून त्याच्याच यंत्रणेवर जगणाऱ्या विषाणूंची जनुके मात्र ते कोडॉन वापरतच होती, त्यामुळे त्यांची प्रथिने अर्धवट राहू लागली.

“आणि विषाणू स्वतःचा डबा घेऊन आला तर?” आत्याने विचारले.

मला ठसकाच लागला. हार्वर्डच्या संशोधकांना निसर्गातून गोळा केलेल्या नमुन्यांत अगदी असेच विषाणू सापडले होते. कोडॉन वाचून सेरीन आणून देणारे रेणू, म्हणजे टीआरएनए, ते सोबतच बाळगून होते. त्यावर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला तोडगा असा, की ते दोन कोडॉन दिसले की सेरीनऐवजी ल्युसीन हे भलतेच अमिनो आम्ल बसवणारे टीआरएनए जीवाणूला द्यायचे, आणि तेही विषाणूंकडूनच उचललेले, म्हणजे शिरलेल्या विषाणूची सगळी प्रथिने बिघडतात.

“म्हणजे मागायची खीर आणि वाटीत पडायचा ठेचा!” आत्या खूश झाली. मग क्षणभर थांबून तिने विचारले, “पण पुढच्या खेपेला त्याने याहून मोठा डबा आणला तर?”

मी वाढप्याला मठ्ठ्यासाठी हाक मारली.