ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं

"आम्ही काहीच तयारी करून घेत नाही हो!" हे शाळेतल्या एका मुलीच्या आईचं वाक्य आणखी एकदा कानावर पडलं ना, तर मी शाळेच्या फाटकातच किंचाळणार आहे.

इंग्लंडात, बकिंगहॅमशायरात राहतो आम्ही. इथे ग्रामर स्कूलची, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळांची, इलेव्हन प्लस ही प्रवेशपरीक्षा इयर सिक्स (प्राथमिकचं शेवटचं वर्ष) सुरू झालं की लगेच, सप्टेंबरात. १२१ गुण आले तर मूल पात्र. जिल्ह्यात ग्रामर शाळा १३, झुंबड उडणारच. त्यात लाजायचं काय? पण नाही! गेल्या शनिवारी लेकाला शिकवणीला सोडायला गेले, तर त्याच दारातून ह्याच बाई मुलीला घेऊन बाहेर. हातात नॉन-व्हर्बल रीझनिंगचं, म्हणजे आकृत्यांच्या कोड्यांचं पुस्तक, पानापानाला पिवळ्या चिठ्ठ्या. मला म्हणतात, "अहो, सहज आलो होतो." शनिवारी सकाळी साडेआठला? सहज?

आम्ही घेतो बाई तयारी करून. उघड घेतो. चौकोन फिरवला की ठिपका कुठे जातो, हे मी पोळ्या लाटता लाटता पोळपाटावर पिठाने काढून दाखवलंय. (ठिपका माझाच चुकला, ते सोडा.) आणि ऑक्टोबरात निकाल लागला की ह्यांची लेक 'मुळातच हुशार, पुस्तक हातात धरत नाही'. माझा मुलगा मात्र घोकंपट्टीवाला!

कालच मेसेज आलाय बाईंचा : "तुमच्याकडे सरावाचे जास्तीचे पेपर असतील ना? भाचीसाठी हवे होते."