व्हॉल्यूम नाही, म्हणून विषय नाही!

परत तेच! आमच्या वेबसाइटच्या लेखासाठी मी विषय सुचवला: वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद कशी लावायची. उत्तर आलं, "सर्च व्हॉल्यूम कमी आहे." म्हणजे हे गूगलवर फार कमी लोक शोधतात. वर हातात काय दिलं, तर 'सातबारा मोबाइलवर कसा पाहावा'. हाच लेख मी तीनदा लिहिलाय, नुसता मथळा बदलून!

अहो, सातबारा उघडून बघण्यापर्यंत लोक पोचतात कसेबसे. अडतं ते त्याच्या पुढे. जमीन महसूल संहितेप्रमाणे हक्क मिळाल्यापासून ३ महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, मग फेरफाराची, म्हणजे नोंद बदलण्याची, नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. नवरा गेलेल्या बाईला हे कोण सांगणार? ती काही ठरावीक कीवर्ड टाइप करत नाही. शेजारच्या पोराला विचारते, नाहीतर गप्प बसते. म्हणून तिचा प्रश्नच नाही?

ही रीत नवी नाहीच. अमेरिकेत डिमांड मीडिया ही कंपनी 'ईहाऊ' या 'कसं करायचं' सांगणाऱ्या साइटसाठी हेच करायची: लोक काय शोधतात, त्या शब्दांवर जाहिरात किती पैसे देते, त्यावरून मथळे ठरायचे. २०११ मध्ये गूगलने शोधनिकालांचा क्रम लावण्याची पद्धत बदलली; त्या 'पांडा' अपडेटने असल्या उथळ मजकुराला खाली ढकललं. तरी आमच्याकडे विषय अजून सर्चच्या आकड्यांची एक्सेल शीटच ठरवते. ज्याला तहसीलची पायरी माहीत आहे, त्याला कुणी विचारत नाही.

वारस नोंद मी आज पुन्हा यादीत टाकली आहे. चौथ्यांदा.