ऑक्टोबरची मार्कशीट

दहावीला दोनदा बसू देणं म्हणजे मार्कांची खिरापत, असं आमच्या घरच्या ग्रुपवर कितीतरी दिवस चाललंय. सीबीएसईनं २०२६पासून दहावीच्या बोर्डाच्या दोन परीक्षा केल्या. फेब्रुवारीतली सगळ्यांना सक्तीची, मेमधली ज्याला गुण वाढवायचेत त्याला, जास्तीत जास्त तीन विषयांत. जे गुण जास्त ते धरायचे. भाऊजींचं म्हणणं, पहिल्या फटक्यात पास झालेल्यांवर हा अन्याय आहे. अन्याय कसला? अभ्यासक्रम तोच आणि पेपर पोरानंच लिहायचाय. दुसऱ्याचे गुण वाढले म्हणून पहिल्याचे कुणी काढून घेत नाही.

इथे इंग्लंडमध्ये मी एका कॉलेजात परीक्षेच्या दिवसांत सुपरव्हिजन करते. नोव्हेंबरात जीसीएसई, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, मॅथ्सचा रीसिट, म्हणजे फेरपरीक्षा असते. वीटकाम शिकणारी सतरा-अठरा वर्षांची मुलं सिमेंट लागलेल्या बुटांनीच हॉलमध्ये येतात. मागच्या रांगेत यंदा दोन मुलांची एक आई होती, तिला नर्सिंगला जायचंय. पेपर गोळा करताना दिसलं, शेवटच्या गणिताची आकडेमोड तिनं खोडून पुन्हा केली होती, पुन्हा खोडली होती आणि मग कडेच्या उरलेल्या जागेत बारीक अक्षरात पूर्ण केली होती. तिचा हा कितवा प्रयत्न, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. चार ग्रेड, म्हणजे पास, आला की आला, आणि तो जन्मभर राहतो. माझी साठीतली सहकारी अजून सीव्हीवर ओ-लेव्हल, म्हणजे जीसीएसईच्या आधीची परीक्षा, लिहिते.

ग्रुपवर पुतण्यानं लगेच आकडा टाकला, की तिकडे रीसिटवाल्यांपैकी पाचातला एखादाच पास होतो. खरंय. चार ग्रेड नसेल तर वयाच्या अठरापर्यंत इंग्लिश-मॅथ्स सोडता येत नाही, त्यामुळे कंटाळलेली मुलंही बसतात. पण मग खिरापत कुठे राहिली? मेडिकलला इथलीही काही विद्यापीठं पहिल्याच बैठकीचे ग्रेड मागतात. ते मला इथेही पटत नाही.

नियमांत आपण मागे आहोत असं नाही, आणि हे मी इथल्या लोकांना ठासून सांगते. आपल्याकडे एटीकेटी आहे, श्रेणीसुधार आहे. राज्य मंडळानं २०१५मध्ये दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरवरून जुलैत आणली आणि नापास मुलांचं वर्ष वाचू लागलं. प्रमाणपत्राला मुदत आपल्याकडेही नाही. जेईई मेनला मात्र त्याच वर्षाची किंवा मागच्या दोन वर्षांतलीच बारावी चालते, अ‍ॅडव्हान्स्डला तर सलग दोन वर्षांत दोनच संधी. एवढी घाई कशाची, हे मला कधीच कळलेलं नाही. आणि नियमांपेक्षाही जाचक असते ती मार्कशीटवरचा महिना शोधणारी नजर.

माझी दहावी ऑक्टोबरची आहे. मार्चला गणित राहिलं. त्या उन्हाळ्यात पाहुणे आले की आई 'निकाल लागला, बरा आहे' म्हणायची आणि मला चहा टाकायला आत पाठवायची. लग्नाच्या बायोडाटावर वर्ष लिहिलं गेलं, महिना नाही. सासरी आजवर कुणाला माहीत नाही. इथे नोकरीला लागताना मूळ मार्कशीट दाखवली, तर एचआरमधल्या मुलीनं झेरॉक्स काढली आणि हसून परत दिली. ऑक्टोबर म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं. पण त्या महिन्याची लाज जिथे कुणाला कळत नाही, तिथे त्या गणितासाठी मी काय सोसलं तेही कुणाला कळणार नाही, हेही त्याच दिवशी जाणवलं. ते कळणारी माणसं सगळी त्या ग्रुपवर आहेत. म्हणून तर भाऊजींचं बोलणं एवढं लागतं.

परवा ग्रुपवर लिहून टाकलं, मी ऑक्टोबरची. भाऊजी गप्प आहेत. नणंदेच्या मुलीचा मात्र वेगळा मेसेज आला. तिला गणितात बावन्न आहेत, अकरावीला सायन्स हवंय, पण मेमधल्या परीक्षेला बसली तर लोक काय म्हणतील अशी घरात धाकधूक आहे. मी म्हटलं, बस. रोज संध्याकाळी तुमच्या साडेआठला व्हिडिओ कॉल लावू, आधी भूमिती घेऊ.