चॅसिसखालच्या दोन जावा

आमची फोर बाय फोर पेट्रोल पीत नाही, ढोसते. त्यात तिचा दोष नाही. दोन टनांच्या वर वजन, वारा थेट छातीवर घेणारा चौकोनी आकार, आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद पुरवणारे दोन वेगळे प्रोपेलर शाफ्ट. एवढं लटांबर हलवायचं म्हणजे घसा कोरडा पडणारच. डिझेलवाले मित्र ही तहान बघून गालातल्या गालात हसतात. त्यांच्यावर सूड उगवायचा एकच मार्ग माझ्या हातात होता, तो म्हणजे एलपीजी. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो, त्यामुळे त्यांना नुसत्या गॅसवर गाडी चालवता येत नाही. आमच्या पेट्रोलवालीला येते.

गॅस म्हटला की जो तो इंजिनाबद्दल बोलतो. इंजिनाचं काम अगदीच किरकोळ निघालं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, म्हणजे गरम कूलंटच्या ऊबेने द्रव गॅसची वाफ करणारा रिड्यूसर, ती वाफ मोजून सोडणारे इंजेक्टर, हिशेब ठेवणारा एक छोटा संगणक आणि डॅशबोर्डवर एक बटण. फिटरने हे सगळं शीळ घालत बसवलं. मग बॉनेट लावून, हात पुसत तो मागे आला.

"साहेब, टाकी कुठे ठेवायची?"

शीळ बंद झाली ती इथे.

"डिकीत ठेवा," मी म्हणालो.

"अहो, आणि सामान?" हिने विचारलं. "माझ्या मांडीवर?"

शिवाय टाकी डिकीत म्हणजे माणसांच्याच खोलीत. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर उडून जात नाही, पायाशी साचून राहतो. म्हणून आतल्या टाकीच्या झडपांवर हवाबंद डबा बसवायचा आणि त्याची नळी फरशीतून बाहेर काढायची. हिच्या मांडीवरचं सामान आणि पायाशी नळी, असा प्रवास होण्यातला नव्हता.

मग स्टेपनीच्या खळग्यात बसणारी, मधे भोक असलेली गोल टाकी. छान असते म्हणे. पण आमची स्टेपनी मागच्या दारावर लटकते, त्यामुळे तिच्यासाठी खळगाच नाही. मागच्या बंपरखाली? तिथे टाकी लोंबली की चढ उतरून सपाटीवर येताना आधी टाकीच टेकणार.

फिटरने गाडी लिफ्टवर घेतली आणि मला खाली उभं करून बॅटरीचा झोत फिरवला. मला जिकडेतिकडे जागाच जागा दिसत होती. "ही बघा, इथे सहज बसेल," मी म्हणायचो, आणि तो शांतपणे सांगायचा, "साहेब, हा शाफ्ट फिरतो." दुसरीकडे बोट केलं की, "हे डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधला हा गिअरांचा गोळा, वर येतं. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर गेलं की पार इथपर्यंत." तिसरीकडे सायलेन्सर तापत होता. कुठेही जाऊ शकणाऱ्या गाडीच्या पोटाखाली जी मोकळी हवा दिसते ती सगळी चाकांना आणि ॲक्सलांना नाचायला राखून ठेवलेली असते. छोट्या, साध्या गाडीत टाकी निमूटपणे बसते. आमच्या गाडीला इंजिन केवढं, गिअरबॉक्सला जोडून पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस वेगळी, आणि टाकीला मात्र जागा नाही.

शेवटी उरली दारांच्या उंबऱ्यांखालची, चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्याच्या, बाहेरच्या अंगाची जागा. डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन लांबट, सडपातळ टाक्या. मी हुरळून विचारलं की पट्टीबिट्टी मारून थेट टाकीलाच ब्रॅकेट वेल्ड करून टाकलं तर? त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन करत नाही. दाबाखालच्या टाकीला वेल्डिंगची ठिणगीही लावायची नसते. चॅसिसला वेगळा पाळणा, त्यात टाकी, वरून पोलादी पट्टे, आणि पट्टा व टाकीच्या मध्ये रबर. नळीसुद्धा सरळसोट ताणायची नाही. अवघड वाटेवर चॅसिस पिळवटतं, म्हणून नळीला वाटेत ढील द्यायची.

टाकीवर एक चपटी पट्टी होती, तिच्यावर व्यास, क्षमता, तारीख आणि 30 अंश असा कोन ठोकलेला. गॅस भरणं, थांबवणं, मोजणं आणि सोडणं ही सगळी कामं करणारा मल्टिव्हॉल्व्ह त्या टाकीच्या मापाचा आणि त्याच कोनाचा असावा लागतो. टाकी पाळण्यात जरा कलंडली की गॅसची पातळी मोजणाऱ्या आतल्या तरंगत्या दांडीचा हिशेब चुकतो. फिटर कोनमापक टेकवून, एक डोळा मिटून, टाकी केसभर इकडे आणि केसभर तिकडे फिरवत होता. माझं लग्न ठरवताना दोन्हीकडच्या मंडळींनी इतकं बारकाईने पाहिलं नसावं.

टाक्या बसल्या. दोन मिळून 80 लिटर. म्हणजे 64. तापला की हा द्रव भलताच फुगतो, म्हणून टाकी 80 टक्के भरली की आतली झडप आपणहून बंद होते. ती वरची 20 टक्के जागा मी पैसे देऊन घेतली, पाळण्यात बसवली, आणि ती रिकामी राहावी म्हणून वेगळी झडपही घेतली. त्यातूनही काही बिनसलंच तर सुरक्षा झडप आहे. युरोपीय नियमांनी बनलेल्या टाकीची ती साधारण 27 बारला उघडते. चाकातल्या हवेचा दाब दोन-अडीच बार असतो, हे आठवलं की मी सीटवर जरा पुढे सरकून बसतो.

आणि इथून सुरू झाला त्या दोघींचा संसार. एका घरातल्या दोन जावांसारख्या त्या वागतात. सारख्याच मापाच्या, सारख्याच मानाच्या, आणि एकीचं दुसरीशी पटत नाही. उजवी सायलेन्सरच्या बाजूची. मधे उष्णता अडवणारा पत्रा आहे, तरी ती लवकर तापते. तापली की तिच्यातला दाब वाढतो, आणि इंजिनाला आधी तीच वाढते. डावी सावलीत भरल्या पोटाने बसून राहते. मधे एकतर्फी झडपा असल्यामुळे उजवीचं डावीकडे जात नाही, हे त्यातल्या त्यात बरं. किती गॅस उरला ते दाखवणारे डॅशबोर्डवरचे दिवे मात्र एकट्या डावीला जोडलेले. म्हणजे बराच वेळ चारही हिरवे, आणि मग उजवी संपली की भराभर घसरण. मी फिटरला म्हणालो, तार उजवीला जोडू या. त्याने जोडून दिली. आता दोघींत मिळून निम्मा गॅस असतानाच लाल दिवा लागतो.

त्यात चढउतार. टाक्या गाडीच्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे गॅस कधी पुढे धावतो तर कधी मागे, आणि तरंगती दांडी जिकडे बसेल तिकडचं सांगते. चढावर मी श्रीमंत, उतारावर कंगाल. फारच उभा चढ असेल तर गॅस ओढणारी आतली नळी उघडी पडते, एक टुंई आवाज होतो आणि गाडी मुकाट पेट्रोलवर येते. तशी ती सुरूही पेट्रोलवरच होते. कूलंट गरम होईपर्यंत गॅसला हात लावत नाही. म्हणून पेट्रोलही भरत राहायचं. शिवाय एक लिटर एलपीजीत एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे पाव हिस्सा ऊर्जा कमी, म्हणजे लिटरही जास्त. डिझेलवाल्या मित्रांना हे मी सांगितलेलं नाही.

गॅस भरणं हा तर सोहळाच. नोझल जोडायच्या तऱ्हा देशोदेशी निराळ्या. कुठे आट्यांचं, कुठे बशीच्या आकाराचं, तर कुठे खटका फिरवून बसवायचं. गाडीत त्यांचे अडॉप्टर एका डब्यात असतात, आणि हवा तो नेहमी तळाशी. भरताना एका टाकीची झडप आधी मिटते, पंप मंदावतो, आणि भरणारा म्हणतो, "झाली." "अजून एक आहे," मी म्हणतो. तो वाकून गाडीखाली बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. नोझल काढताना फुस्स करून थोडा गॅस सुटतो. एलपीजीला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन घालतात. नाकाला तो इतक्या किंचित प्रमाणात कळतो की उपकरणाची गरजच नको. गरज नकोच, कारण आमच्याकडे ही आहे.

"वास येतोय."

"आत्ताच भरलाय ना, त्याचा आहे."

"तो वेगळा. हा वेगळा."

मग मी पुठ्ठा अंथरून गाडीखाली. साबणाच्या पाण्याची फवारणी बाटली, प्रत्येक जोडावर फस्‌फस्, आणि बुडबुड्याची वाट. एकदा खरंच आला. फिलरच्या, म्हणजे गॅस भरायच्या तोंडाच्या, नळीच्या जोडावर मोहरीएवढा बुडबुडा फुगला, फुटला, आणि त्याच जागी पुन्हा फुगू लागला. दोन पान्यांनी जोड धरून नट जरासा आवळला. पुन्हा फवारलं, जोड गप्प. हिने वरून विचारलं, "मिळाला?" मी "हो" म्हणालो. त्यानंतर त्या नाकाच्या अधिकाराला घरात कुणी आव्हान दिलेलं नाही.

खाली गेलोच आहे तर चिखलही काढायचा. पाळणा आणि टाकीच्या बेचक्यात तो साचतो, ओल धरतो, आणि रंगाचा पापुद्रा सुटला की गंज पकडतो. पट्ट्याखालचं रबर सरकून धातूला धातू घासतोय का ते बोट फिरवून पाहायचं. फिलरच्या टोपीत माती, विजेवर उघडणाऱ्या झडपेच्या, म्हणजे सोलेनॉइडच्या, जोडणीत पाणी. रिड्यूसरच्या तळातून काळपट तेलकट गाळ सोडायचा. त्याचा वास अंगाला लागला की जेवायला मला वेगळं बसवतात. फिल्टर बदलण्याबद्दल काही लिहीत नाही. ते सोपं आहे.

दगडांपासून टाक्यांना जपायला दोन्ही बाजूंना जाड पोलादी संरक्षक पट्ट्या लावून घेतल्या. त्या दणकट आहेत, म्हणजे अर्थातच जड आहेत. वजन वाढलं, तशी तहानही वाढली. फिटरकडे तक्रार केली तर त्याने डोकं खाजवलं, गाडीभोवती एक फेरी मारली, मागचं दार उघडलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"साहेब, अजून एक टाकी बसते की! ही सगळी जागा रिकामीच आहे."

ही पुढच्या सीटवरच बसली होती. तिने सीटबेल्ट काढला.