पांढरी उपसण्याआधी थोडं ऐका

गावाबाहेर नदीकाठाला पांढऱ्या मातीचं टेकाड असेल, तर तुम्ही नशीबवान. शेणखताचे भाव बघताय ना? मग ट्रॉली लावा. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथं राहिलेल्या माणसांनी चुलीची राख, शेण, हाडं, पडलेल्या कुडांची माती असं सगळं खास तुमच्या उसासाठी थरावर थर रचून ठेवलंय. स्वतः बिचारे सातू नि कुळीथ खाऊन राहिले. पूर्वजांचे आशीर्वाद म्हणतात ते हेच.

कुणी अडवलंच, तर ते श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादचा दाखला देतील. प्रवरेच्या डाव्या काठावरचं हे गाव म्हणजे हडप्पा संस्कृतीची दक्षिणेकडची शेवटची हद्द. सिंधूकाठची अक्षरं मातीच्या मुद्रांवर बसून इथवर आली, ४:२:१ मापाची कच्ची वीटही आली. इतक्या लांब, विचारायला कुणी नसताना, गड्यांनी विटेचं माप सोडलं नाही. आपल्याकडे एका भट्टीच्या दोन विटा सारख्या निघत नाहीत, पण ते असो.

या टेकाडात सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे असे पाच काळ एकावर एक निजलेत. ते ओळखायला पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी १९७५ ते १९७९ खणत बसले. जेसीबीला हेच पाच काळ एका बकेटीत येतात. वेळेची किंमत कळायला हवी माणसाला.

खणताना धातू लागला तर मात्र गडबडू नका. १९७४ साली दायमाबादच्या एका माणसाला झुडपाच्या बुडाशी खणताना चार कांस्यवस्तू लागल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. मिळून साठ किलोच्या वर भरल्या! रथ जेमतेम ४५ सेंटीमीटरचा, पण त्यावर माणूस उभा, नि दांडीवर चक्क एक कुत्रं. चार हजार वर्षांपूर्वीही बैलगाडी निघाली की कुत्रं आधी चढून बसत असणार. तुम्ही असल्या तपशिलात अडकू नका, आधी भंगारवाल्याला भाव विचारा. १८७८ चा एक कायदा आहे खरा. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवा म्हणतो. दहा रुपये! आज तेवढ्यात कटिंगही मुश्किलीनं येतो.

शिवाय विद्वानांचंही एकमत कुठंय? धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघालं, तेव्हा काहींनी हे कांस्य फार नंतरचं ठरवलं. बाकीचे हडप्पावर ठाम राहिले. वस्तू नेमकी कुठल्या थरातली, एवढं कळलं असतं तर निम्मं भांडण मिटलं असतं. पण थराचं महत्त्व सांगून तुमची ट्रॉली खोळंबवणारा मी कोण?

उपसून झालं की उरलेल्या जागेवर कमान उभारा. ‘जगातील सर्वात प्राचीन गाव’ लिहा, खाली शुभेच्छुकांचे फोटो. टेकाड कुठंय असं कुणी विचारलं, तर उसाकडे बोट दाखवा.

आणि एक राहिलं. लाल खापरांवर काळ्या रेघांची जाळी दिसली, तर ती खापरं पोरांना लगोरीला द्या. एकेक तुकडा असा पातळ नि सारखा घडवलाय, की सात सहज रचून होतात.