नेट गेलं म्हणून अँटिव्हायरसचं अपडेट कायमचं बंद करू नका

गेल्या पंधरा दिवसांत तीन गिऱ्हाइकांनी मला एकच मेसेज दाखवला. कुणाला सोसायटीच्या ग्रुपवर आलेला, कुणाला भाच्याने पाठवलेला. मेसेज थोडक्यात असा: घरच्या कॉम्प्युटरचं नेट अचानक गेलं तर समजायचं की अँटिव्हायरसचं अपडेट आलंय. कंपन्या हे मुद्दाम करतात, म्हणजे आपण वैतागून महागडं व्हर्जन घेऊ. तेव्हा अपडेट कायमचं बंद करा, विंडोजचंही करा. तरी नेट आलं नाही तर अँटिव्हायरस काढून टाका, लगेच येईल. विंडोजसोबतच येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस पुरेसा आहे, तो कधी चुकत नाही. आणि काहीच जमलं नाही तर सरळ फॉरमॅट मारा.

तिघांपैकी दोघांनी अपडेट आधीच बंद केलं होतं. मी १८ वर्षं घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, आणि या मेसेजने होणारं नुकसान मला टेबलावर दिसतंय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी यातलं खरं काय ते सांगतो, कारण मेसेज पूर्ण खोटा असता तर इतका फिरलाच नसता. अँटिव्हायरसच्या अपडेटने नेट बंद पडतं. पडलेलं आहे. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीने व्हायरस ओळखायची नवी यादी पाठवली, तिचा क्रमांक ५९५८. त्या यादीने विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ मधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची स्वतःची फाइल व्हायरस ठरवली आणि उचलून बाजूला टाकली. या फाइलच्या आधाराने विंडोजच्या कितीतरी सेवा चालतात, राउटरकडून पत्ता मागून घेणारी सेवासुद्धा. फाइल गेली, नेट गेलं, मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट व्हायला लागली. फटका घरांपेक्षा ऑफिसांना आणि हॉस्पिटलांना जास्त बसला, पण घरंही सुटली नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये कॅस्परस्कीच्या अपडेटनंतर एक्सपीवाल्यांची मशीन चालू राहिली, पण वेबसाइट उघडेनात. कंपनीने काही तासांत दुरुस्ती पाठवली. तोवर उपाय एवढाच होता की वेब तपासणारा भाग तात्पुरता बंद ठेवायचा.

हे का होतं? अँटिव्हायरस आता फक्त फाइली तपासत नाही. तो ब्राउझर आणि वायफाय यांच्या मध्ये बसतो. वाड्याच्या दिंडीदरवाजात बसलेला देवडीवाला समजा. आत-बाहेर जाणारं प्रत्येक गाठोडं तो सोडून बघतो, कुलूपबंद साइटचंसुद्धा, आणि त्यासाठी विंडोजमध्ये स्वतःचं प्रमाणपत्र, म्हणजे साइटची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, बसवून ठेवतो. त्याला भोवळ आली की दरवाजा अडतो. घरात सगळं ठीक, रस्त्यावर सगळं ठीक, पण ये-जा बंद.

आता "मुद्दाम करतात" हा मुद्दा. माझं मत स्पष्ट आहे: हा आरोप चुकीचा आहे. १९ सप्टेंबर २०१२ ला सोफोसच्या अपडेटने कुणाला व्हायरस ठरवलं? सोफोसच्याच अपडेट आणणाऱ्या प्रोग्रामला. अँटिव्हायरसने स्वतःचाच हात बांधून घेतला आणि दुरुस्ती आणायची वाटही अडवली. हे ठरवून कोण करेल? २०१० च्या प्रकारानंतर मॅकॅफीने जाहीर माफी मागितली आणि घरगुती ग्राहकांना दुरुस्तीचा वाजवी खर्च भरून द्यायची तयारी दाखवली. यातून कुणाचं महागडं व्हर्जन खपलं नाही. चूक व्हायचं कारण घाई आहे. रोज नवे व्हायरस येतात, दिवसातून कित्येकदा यादी बदलते, आणि विंडोजच्या प्रत्येक जुन्या-नव्या आवृत्तीवर ती नीट तपासली जात नाही. मॅकॅफीच्या वेळी नेमकं तेच झालं. या निष्काळजीपणाबद्दल कंपन्यांना जाब विचारायलाच हवा, मी स्वतः विचारतो. पण निष्काळजीपणा आणि कट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कट म्हटलं की माणूस अपडेट बंद करून मोकळा होतो, आणि जाब विचारायचा राहूनच जातो.

"नेट गेलं म्हणजे अँटिव्हायरसच" हे तर मी रोज खोटं ठरताना बघतो. सगळ्यात आधी फोन त्याच वायफायवर लावून बघा. फोनवरही नेट नसेल तर कॉम्प्युटरचा काहीच दोष नाही. फायबरच्या डब्यावर लाल दिवा दिसला की केबलवाल्याला फोन करा. फोनवर चालतंय आणि कॉम्प्युटरवर एकही साइट उघडत नाही, वर प्रत्येक साइट "सुरक्षित नाही" म्हणते, तर खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मशीनमधला गोल बटण-सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि प्रमाणपत्राची मुदत तारखेवरून तपासली जात असल्याने कुठल्याच साइटचं प्रमाणपत्र पटत नाही. उपाय किरकोळ किमतीचा एक सेल. याच एका कारणासाठी लोकांनी अँटिव्हायरस काढून टाकलेले मी पाहिलेत.

मात्र चुकीच्या आरोपीचं सगळ्यात बोलकं उदाहरण २००८ चं आहे आणि ते सविस्तर सांगायला हवं. डॅन कामिन्स्की या अमेरिकन तज्ज्ञाला इंटरनेटच्या नावव्यवस्थेत, म्हणजे डीएनएसमध्ये, एक मोठं भोक सापडलं. आपण बँकेच्या साइटचं नाव टाइप करतो तेव्हा कॉम्प्युटर विचारतो, "या नावाचा पत्ता काय?" उत्तर खरं की खोटं हे ओळखायला प्रश्नाला एक क्रमांक दिलेला असायचा, एकूण ६५,५३६ क्रमांकांपैकी एक. ऐकायला मोठा वाटणारा हा आकडा कॉम्प्युटरच्या वेगापुढे काहीच नाही. चोर खऱ्या उत्तराच्या आधी हजारो खोटी उत्तरं फेकून एखादा नेम साधू शकत होता, आणि कामिन्स्कीने तो नेम पुन्हा पुन्हा धरायची युक्ती शोधली होती. बँकेचं नाव टाइप करा आणि चोराच्या पानावर जा, असा प्रकार. कामिन्स्कीने ते गुपचूप मायक्रोसॉफ्ट, सिस्को अशा कंपन्यांना कळवलं आणि ८ जुलै २००८ ला सगळ्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती सोडली. दुरुस्ती अशी की प्रश्न दर वेळी वेगळ्या खिडकीतून, म्हणजे वेगळ्या पोर्टमधून विचारायचा, म्हणजे चोराला क्रमांक आणि खिडकी दोन्ही ओळखावं लागेल.

विंडोजची ही दुरुस्ती बसली आणि झोनअलार्म हे सुरक्षा सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लोकांचं नेट एका फटक्यात बंद पडलं. विंडोजच्या या नव्या पद्धतीशी झोनअलार्मचं जमलं नाही. घरोघरी लोकांनी काय केलं असेल? ज्या दिवशी विंडोजचं अपडेट आलं त्याच दिवशी नेट गेलं, म्हणजे अपडेटच वाईट. अनेकांनी ते काढलं. नेट परत आलं, आणि ते भोकही परत उघडं पडलं. २१ जुलैला, अवघ्या १३ दिवसांत, त्या भोकाचा तपशील फुटला आणि काही दिवसांत हल्ल्याची तयार साधनं नेटवर फिरायला लागली. झोनअलार्मचं सुधारित व्हर्जन तोवर आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं त्यांचं नेटही चाललं आणि दारही बंद राहिलं. ज्यांनी अपडेटलाच शत्रू मानून ते काढलं, त्यांचं नेट चाललं, पण उघड्या दाराने.

मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला यातच उघडा पडतो. "अपडेट कायमचं बंद करा." ज्या अपडेटने बिघाड केला, त्याची दुरुस्तीही अपडेटनेच येते. मॅकॅफी, कॅस्परस्की, सोफोस, झोनअलार्म, सगळीकडे हेच झालं. बिघडलेल्या अवस्थेत अपडेट बंद केलंत तर बिघाड कायमचा घरात ठेवून घेतलात. नेटच नसेल तर अपडेट कसं घ्यायचं, हा प्रश्न बरोबर आहे. फोनचा हॉटस्पॉट देऊन बघा, किंवा शेजाऱ्याच्या मशीनवर कंपनीच्या खऱ्या साइटवरून फाइल पेनड्राइव्हवर घ्या. २०१० मध्ये लोक असंच करत होते.

आणि विंडोजचं अपडेट बंद करण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने एक दुरुस्ती दिली. १२ मे ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला आणि ज्यांनी ती घेतली नव्हती अशांच्या फाइलींना कुलूप लावत जगभर पसरला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते.

"अँटिव्हायरस काढला की नेट लगेच येतं." कधी येतं, कधी अजिबात येत नाही. परवा एक निवृत्त गुरुजी टॉवर पिशवीत घालून रिक्षाने घेऊन आले. मेसेज वाचून त्यांनी अपडेट बंद केलं होतं, मग अँटिव्हायरस काढला, तरी नेट नाही. "बाळ, मी तर सगळं सांगितल्याप्रमाणे केलं रे," म्हणाले. वायफाय जोडलेलं दिसत होतं, खाली "इंटरनेट नाही". मशीनने स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता देऊन घेतला होता. याचा अर्थ राउटरशी बोलणंच होत नाही, मशीन आपल्या मनाने पत्ता धरून बसलंय. नेटवर्क अडॅप्टरचे गुणधर्म उघडले. यादीत त्या काढून टाकलेल्या अँटिव्हायरसच्या नावाची एक ओळ अजून होती, शेजारी खूण तशीच. प्रोग्राम गेला होता, पण त्याचा दरवाजातला चौकीदार मागे राहिला होता, आणि त्याला हुकूम द्यायला वर कुणी उरलं नव्हतं. खूण काढली, ओके केलं, दहाएक सेकंदांत राउटरने खरा पत्ता दिला. मग त्या कंपनीचं स्वतःचं सफाईचं साधन चालवून उरलासुरला गाळ काढला. बहुतेक कंपन्या असं साधन मोफत देतात आणि अँटिव्हायरस काढायचाच असेल तर तेच वापरावं.

काढायच्या आधी करून बघण्यासारख्या गोष्टी आहेत. वेब तपासणारा भाग दहा मिनिटांसाठी थांबवा. नेट आलं तर गुन्हेगार तो भाग, बाकीचा अँटिव्हायरस चालू ठेवा. विंडोज नेटवर्कसह सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरते भाग चालू ठेवून, सुरू करा. तिथे बाहेरच्या अँटिव्हायरसचे बहुतेक भाग चढत नाहीत, म्हणून तिथे नेट चाललं आणि एरवी चाललं नाही तर संशय घ्यायला जागा आहे. प्रॉक्सीच्या, म्हणजे नेटवर जाताना मध्ये लागणाऱ्या थांब्याच्या, सेटिंगमध्ये कुणी १२७.०.०.१ लिहून ठेवलंय का बघा. तो मशीनचा स्वतःचाच पत्ता, आणि तिथे ऐकणारा प्रोग्राम गेला असेल तर ब्राउझर भिंतीशी बोलत बसतो. क्वारंटाइनमध्ये, म्हणजे पकडून ठेवलेल्या फाइलींत, आजच्या तारखेची विंडोजची फाइल दिसते का तेही बघा. शेवटी विंडोज १० आणि ११ मध्ये "नेटवर्क रिसेट" आहेच, फक्त वायफायचा पासवर्ड आधी लिहून ठेवा, तो पुसला जातो.

डिफेंडर पुरेसा आहे का? घरच्या साध्या वापराला, अपडेट चालू असेल तर, मी पुरेसा म्हणेन. "कधी चुकत नाही" मात्र म्हणणार नाही. ३० सप्टेंबर २०११ ला मायक्रोसॉफ्टच्याच मोफत अँटिव्हायरसने गूगल क्रोमला बँकेचे पासवर्ड चोरणारा व्हायरस ठरवून काही मशीनवरून काढून टाकलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये डिफेंडरने पुन्हा क्रोमवरच खोटी धोक्याची सूचना दिली. आणि विंडोजचं अपडेट बंद करायला सांगून त्याच तोंडाने डिफेंडरवर विसंबायला सांगणं हे एकमेकांत बसतच नाही, कारण डिफेंडरची यादी विंडोज अपडेटच्याच वाटेने येते.

मेसेजच्या एका प्रतीत शेवटी मोबाइल नंबरही होता, "घरबसल्या दुरुस्ती". त्या नंबरवर फोन करू नका. समोरचा माणूस स्क्रीन ताब्यात घेणारं ॲप टाकायला सांगेल आणि मग बँकेची साइट उघडायला सांगेल. कुणी आधीच फसलं असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

राहिलं फॉरमॅट. मला खरा राग याच सल्ल्याचा येतो. फॉरमॅटने नेट येईलही, पण ज्या खुणेसाठी गुरुजींना दहा सेकंद लागले असते, तिच्यासाठी डिस्क पुसायची? गेल्या वर्षी एक बाई आल्या. आधीच्या दुरुस्तीवाल्याने न विचारता फॉरमॅट मारलं होतं आणि त्यात त्यांच्या आईचे शेवटच्या दिवाळीचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. मी चार दिवस खपून काही परत मिळवले. बरेचसे अर्धे करडे निघाले.

गुरुजींच्या डेस्कटॉपवर "पुस्तक" नावाचं फोल्डर होतं, गावच्या शाळेचा इतिहास लिहितायत. आधी ते पेनड्राइव्हवर घेतलं. मग विंडोजचं अपडेट चालू केलं. डिफेंडरच्या यादीवर जुनी तारीख दिसत होती. गुरुजी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि चष्मा पुसून ती तारीख बदलेपर्यंत स्क्रीनकडे बघत राहिले.