मासे घेऊन परदेशी निघालेल्यांना चार हिताच्या गोष्टी

परदेशी बिऱ्हाड हलवायची तारीख ठरली की सामानाच्या यादीत गाद्यांच्या खाली आणि पुस्तकांच्या वर 'मासे' एवढा एक शब्द लिहून मोकळे व्हा. लस, मायक्रोचिप आणि पिंजऱ्यामागे धावणं कुत्र्यामांजरांच्या मालकांना करू द्या. मासा भुंकत नाही, चावत नाही, केस गाळत नाही. त्याला कागद कशाला लागतील? जिवंत प्राणी घरसामानात धरत नाहीत, त्याची आयात वेगळी नोंदवावी लागते, असं सांगणारे शंकेखोर भेटतीलच. त्यांना टाकीचं पाणी कितीदा बदलावं ते विचारा, विषय बदलतो.

अर्ज भरायची वेळ आलीच, तर जातीच्या रकान्यात 'रंगीत मासे, लहान, नग ७' असं लिहा. शास्त्रीय नाव हा प्राध्यापकांचा नखरा आहे. दुकानात 'शार्क' म्हणून मिळणारा लाल शेपटीचा मासा कार्पच्या कुळातला असतो, 'कॅटफिश' या एका नावाखाली तीन हजारांहून अधिक जाती मावतात, आणि बंदी, परवाना, विलगीकरण हे सगळं नेमक्या जातीवर ठरतं, हे खरं. पण 'लहान' या शब्दातली तुमची माया अधिकाऱ्यापर्यंत पोहोचल्याशिवाय राहणार नाही.

आशियाई अरोवाना हा शोभेचा मासा असेल तर फारच उत्तम. तो साइटिस या, धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, थेट वाघाच्या पंगतीला. नोंदणी झालेल्या केंद्रात पैदास झालेला, अंगात चिप टोचलेला, चिपच्याच क्रमांकाचा दाखला सोबत असलेला मासा दोन्हीकडच्या परवान्यांवर काही देशांत नेता येतो; अमेरिकेत पाळीव म्हणून तोही नेता येत नाही. तुम्ही तो दाखला टाकीखालच्या कपाटात विसरून या. समुद्रघोड्यांच्या साऱ्या जाती २००४ पासून दुसऱ्या परिशिष्टात आहेत, दगडी प्रवाळही तिथेच. जिवंत न्यायचे तर निर्यात परवाना हवा. त्यावर प्रवाळाचा तुकडा 'शोभेचा दगड' म्हणून मोज्यात गुंडाळायची एक युक्ती आहे. ती कस्टमवाल्यांनाही पाठ आहे, त्यामुळे ओळख पटकन होते.

गोल्डफिशची काळजी तर मुळीच करू नका, इतका गरीब जीव. अमेरिकेत गोल्डफिश, कोई (म्हणजे रंगीत कार्प) आणि त्यांचे आणखी काही भाऊबंद न्यायला कृषी खात्याचा आयात परवाना आणि निघताना सरकारी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो. कारण 'स्प्रिंग व्हायरेमिया ऑफ कार्प' नावाचा विषाणू. कोईला त्याशिवाय हर्पिसचा एक वेगळा विषाणू होतो, आणि त्यातून वाचलेला मासा दिसायला ठणठणीत राहून विषाणू अंगात बाळगू शकतो. म्हणून तर 'आमचा अगदी छान पोहतो' हा पुरावा कोणी धरत नाही. तुम्ही तोच द्या, मोबाइलवर व्हिडिओ दाखवा, मागे रांग असेल तर दोनदा दाखवा.

आरोग्य दाखला मात्र चांगला दोन-तीन महिने आधी काढून ठेवा, डोक्याचा ताप जातो. तो प्रवासाआधीच्या मोजक्या दिवसांपुरताच चालतो, त्यामुळे विमानतळावर पोहोचेपर्यंत तो शिळा झालेला असेल. आयात परवान्याचं उलटं करा: तिकीट हातात आल्यावर अर्ज करा. वाटेत ज्या देशात विमान बदलायचं तिथेही प्राण्यांच्या ने-आणीचे नियम असतात, ते तिथे उतरल्यावर वाचावेत.

ऑस्ट्रेलियात आणता येतील अशा जातींची यादीच आहे; यादीत नाव नाही तर मासा आत नाही. या यादीला वळसा घालायचा प्रयोग २००५ साली मेलबर्न विमानतळावर एका बाईंनी करून पाहिला. सिंगापूरहून येताना स्कर्टखाली खास शिवून घेतलेला अ‍ॅप्रन, त्यात पाण्याच्या १५ पिशव्या, पिशव्यांत ५१ मासे. कमरेजवळून फडफड ऐकू आली आणि बाई पकडल्या गेल्या. तुम्ही शांत स्वभावाची जात निवडा.

विमान कंपनीला आधीपासून विचारून ठेवणं म्हणजे नकार मागून घेणं. बहुतेक कंपन्या मासे केबिनमध्ये घेत नाहीत. जायचं तर कार्गोतून, आगाऊ नोंदणी करून. तुम्ही तेवढं ध्यानात ठेवा की अमेरिकेच्या विमानतळांवर पारदर्शक भांड्यातला जिवंत मासा तपासणीतून पुढे नेता येतो, द्रवाचा नेहमीचा १०० मिलिलिटरचा नियम त्याला आडवा येत नाही. ही अर्धी माहिती पुरते. विमानात चढू द्यायचं की नाही हे कंपनी ठरवते, आणि मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी झाली तर तिथे त्या देशाचा नियम लागू होतो, ही उरलेली अर्धी गेटवर समजून घ्यावी. हातात पिशवी, पुढे बंद दार आणि मागे परतायला वेळ नाही, अशा अवस्थेत माणूस लवकर शिकतो.

आता खरा विषय, पिशवी. परवाना नसला तर मासा फार तर जप्त होतो. पिशवी जमली तर मात्र यशाची खात्री.

निघायच्या रात्री माशांना पोटभर जेवू घाला. व्यापारी लोक लहान मासे २४ ते ४८ तास उपाशी ठेवून मगच भरतात, कारण पोट रिकामं असेल तर विष्ठा कमी आणि पाण्यात विषारी अमोनिया कमी. निरोगी मोठा मासा दोन-चार दिवस न खाता सहज राहतो. पण तो व्यापार झाला, तुमचा जीव आहे. दोन दाणे प्रवासासाठी पिशवीतही टाका. ते कुजून आपलं काम करतील.

पिशवी पाण्याने काठोकाठ भरा. मासा पाण्यात राहतो, हवेत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. माहितगार पाव ते एक तृतीयांश पाणी घालतात आणि उरलेल्या जागेत सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजन भरतात, त्याचं कारण म्हणे असं की २५ अंशाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो आणि एक लिटर शुद्ध ऑक्सिजन म्हणजे सुमारे १,३०० मिलिग्रॅम. आकड्यांच्या नादी कोण लागतो. ऑक्सिजन भरलाच, तर पिशवी ढोलासारखी टम्म भरा. विमानातला दाब २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका खाली येऊ शकतो, तेव्हा आतला वायू जवळजवळ एक तृतीयांश फुगतो, आणि गाठीची परीक्षा होते. फायटर आणि गुरामी हे मासे पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, त्यांना पिशवीत साधी हवाही चालते. तर त्यांचीच पिशवी हवा न ठेवता भरा. दोन नर फायटर एकत्र घालायला विसरू नका, लांबच्या प्रवासात सोबत हवी.

एकात एक दोन पिशव्या, मध्ये वर्तमानपत्र, आणि लहान मासे कोपऱ्यात अडकून चिरडू नयेत म्हणून तळाचे दोन्ही कोपरे दुमडून टेप लावलेले, ही उगाच पाल्हाळ लावणाऱ्यांची पद्धत. वायू आरपार जाऊ देणाऱ्या खास 'श्वास घेणाऱ्या' पिशव्या मिळाल्या तर त्या मात्र दुहेरी करा आणि एकमेकींना चिकटवून दाबून बसवा. त्यांना बाहेरून हवा लागते, हे त्यांचं त्या बघतील. कोरीडोरस आणि प्लेको या कॅटफिशांच्या परांना ताठ काटे असतात, म्हणून ते टणक झाकणाच्या डब्यात न्यावेत असं म्हणतात. तुम्ही पातळ पिशवीत, गप्पींसोबत घाला. काट्याने पिशवीला भोक पडेल किंवा घाबरलेला कोरीडोरस विष सोडून त्या चार पेले पाण्यात सगळ्यांना, आधी स्वतःला, शांत करील. काहीजण त्याला बादलीत आधीच दमवून, पाणी बदलून मग भरतात. एवढा वेळ कोणाला आहे?

अमोनिया शोषायला झिओलाइट या खनिजाचे खडे टाकायचे असतील तर ते समुद्री माशांच्या पिशवीत टाका. खाऱ्या पाण्यातलं सोडियम त्यांची जागा आधीच अडवून बसतं, तेव्हा खडे नुसते शोभेला. गोड्या पाण्यात ते खरोखर काम करतात, म्हणून तिथे नकोत. मासे शांत राहावेत म्हणून लवंगतेलही टाकतात. थेंब मोजू नका. गुंगी आणि मरण यांच्यात तिथे फार अंतर नसतं.

खोका थर्माकोलचा नको, पारदर्शक प्लास्टिकचा घ्या, म्हणजे माशांना बाहेरचं दिसेल. अंधारात मासे शांत राहतात आणि ऑक्सिजन कमी वापरतात, म्हणजे प्रवासाचा आनंद घेत नाहीत. थंडीत उष्णतेची पुडी पिशवीलाच चिकटवा. या पुडीत लोखंडाची भुकटी असते. ती हवेतला ऑक्सिजन खाऊन तापते, म्हणून जाणकार ती झाकणाच्या आतल्या बाजूला कागदात गुंडाळून लावतात आणि खोक्याला बारीक भोक ठेवतात. तुम्ही खोका टेपने हवाबंद करा. पुडी आधी मासे शिजवेल आणि मग ऑक्सिजन संपून स्वतः थंड होईल. खोक्यावर 'जिवंत उष्णकटिबंधीय मासे' आणि वर-खालीचे बाण लिहू नका, चोरांना कळेल.

सोबत टाकीतली वाळू, ओंडका, पाणवनस्पती आणि तिला लटकलेल्या गोगलगायी घ्या. वनस्पतींचा वेगळा आरोग्य दाखला असतो, माती आणि वाळू बऱ्याच ठिकाणी अडवतात, आणि २०२१ साली अमेरिकेत दुकानांत आलेल्या शेवाळाच्या हिरव्या गोळ्यांत, परक्या पाण्यात बेसुमार पसरणारे झेब्रा शिंपले सापडून गोळेच नष्ट करावे लागले होते. पण माशांना ओळखीचं वातावरण हवं ना.

पोहोचलात. अभिनंदन. आता घाई करू नका. पिशवी उघडा आणि तासभर नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी सोडत बसा. बंद पिशवीत माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, त्यामुळे अमोनिया बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात दबून असतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो आणि पीएच चढतो. २५ अंशाला पीएच ७ वर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ वर ५ टक्क्यांच्या वर. म्हणजे तीस तास पिशवीत तगलेला मासा तुमच्या डोळ्यांदेखत, तुम्ही त्याचे लाड करत असताना जातो. बंद पिशवीच वीस-तीस मिनिटं टाकीत तरंगवून तापमान जुळवणारे, उघडल्याबरोबर मासे जाळीने काढून टाकीत सोडणारे आणि पिशवीतलं पाणी टाकीत न ओतता फेकणारे लोक रुक्ष असतात. तुम्ही ते पाणी टाकीतच ओता, आठवण म्हणून.

टाकी त्याच दुपारी नवीकोरी विकत घेतलेली असावी. फिल्टरमधले जीवाणू अमोनिया पचवायला लागेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात; ती वेळ माशांनीच निभवावी. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने जीवाणूही जातात आणि कल्लेही होरपळतात, तरी क्लोरिन मारणाऱ्या द्रावणाची बाटली नेमकी जहाजाने येणाऱ्या सामानात पाठवलेली असू द्या.

एवढं करून एखादा मासा वाचलाच आणि त्याचा कंटाळा आला, तर जवळच्या तळ्यात सोडा. सीमेवरच्या सगळ्या कटकटीचं मूळ याच सवयीत आहे. मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात सोडलेल्या दोन स्नेकहेड माशांची २००२ मध्ये शेकडो पिल्लं निघाली, तळ्यात विष ओतावं लागलं आणि त्याच वर्षी अमेरिकेने स्नेकहेडची जिवंत आयात बंद केली. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली १९८४ मध्ये कॉलेर्पा हे टाकीतलं शेवाळ दिसलं आणि तिथून भूमध्य समुद्रात पसरलं. हिंदी आणि प्रशांत महासागरांतला विषारी लायनफिश आज अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्याने आणि कॅरिबियनभर खातोपितो आहे. एवढी मंडळी आपापल्या हिमतीवर बाहेर पडली; तुमच्या गोल्डफिशने का मागे राहावं? तळ्यात तो फूटभरही वाढतो.

एक मार्ग राहिला, पण तो तुम्हाला शोभणार नाही. निघायच्या महिनाभर आधी एखादा जाणता हौशी गाठायचा आणि टाकी, फिल्टर, हीटर, मासे सगळं त्याला देऊन टाकायचं. पाणी तीन चतुर्थांश काढून बादल्यांत न्यायचं, मासे झाकणाच्या बादलीत, फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात ओला ठेवायचा, आणि तासाभरात पुन्हा सगळं चालू करायचं. टाकी भरलेली उचलायची नाही, तळाची काच तडकते. याला परवाना लागत नाही, दाखला लागत नाही, आणि आठवड्याने फोन केला तर मासे जेवत असतात.